तेराव्या महिन्याचा परतावा

इचलकरंजीतल्या बारा बायकांना शेअर बाजाराची चाहूल आधीच लागते, ही बातमी गावभर व्हायला एक आठवडा लागला. त्या बारा जणींना स्वतःला ती पटायला मात्र जरा जास्त वेळ गेला.

बातमी आणली ‘पारख’नं. दोन हजार चाळीस सालात पारख माहीत नाही असा माणूस सापडणं कठीण. मुळात ते मोठमोठ्या फंडांचे व्यवस्थापक जोखायला काढलेलं यंत्र. मग कायदाच झाला, की दुसऱ्याचा पैसा हाताळायचा असेल तर पारख-अंक पंच्याहत्तरच्या वर हवा. आणि मग जो तो हौसेनं आपापला अंक काढून बघायला लागला. लग्नाच्या स्थळाखाली मुलाचा अंक छापायची रीत पडली. मुलगा निर्व्यसनी, स्वतःचं घर, अंक एक्क्याऐंशी.

यंत्र आतून अवघड असेल, पण त्याचं काम समजायला सोपं होतं. तुमचा आजवरचा परतावा द्यायचा. कंपन्यांची नावं नकोत, नुसती टक्क्यांची ओळ. पारख मग तुमच्या एक लाख सावल्या तयार करायचं. प्रत्येक सावलीकडं तुमच्याइतकाच पैसा, तुमच्याइतकीच वर्षं. फक्त शेअर निवडायचे ते डोळे मिटून. लाखातल्या किती सावल्या तुमच्या मागं राहिल्या, त्यावर तुमचा अंक. निम्म्या मागं राहिल्या तर पन्नास, म्हणजे तुमच्यात आणि डोळे मिटलेल्या माणसात फरक नाही. याशिवाय ते आणखी एक बघायचं. बाजार पडला तेव्हा तुम्ही आधीच पडून, सावरून उभे होतात का? याला ते ‘चाहूल’ म्हणायचं, आणि चाहुलीला भारी वजन होतं.

कुमुद साळोखेनं भिशीची चोवीस वर्षांची ओळ पारखला दिली ती निव्वळ गंमत म्हणून. अंक आला सत्त्याण्णव.

भिशी साधीच होती. बारा बायका, कुणी मागासाठी सुताच्या कांड्या भरणारी, कुणी कापडातले दोष काढणारी मेंडिंगवाली, एक शिक्षिका, एक खानावळवाली. महिन्याला एकदा जमायचं, वर्गणी काढायची, चिठ्ठी टाकायची. जिचं नाव निघेल तिनं एक कंपनी सुचवायची आणि त्या महिन्याचा सगळा पैसा त्या कंपनीच्या शेअरमध्ये घालायचा. कुणी आपण वापरतो त्या साबणाची कंपनी सांगायची, कुणी नातवाच्या दुचाकीची. जमायचं कधी, हे ठरवताना सुरुवातीला घोळ झाला होता. यंत्रमागाच्या पाळ्या दर आठवड्याला बदलायच्या, रविवार कुणाला सापडायचा नाही, तारखा ध्यानात राहायच्या नाहीत. तेव्हा शमशाद मुल्ला म्हणाली होती, “पुनवेला जमूया. तारीख विसरंल, चांद कसा विसरंल? आणि चांद तुमचा काय, आमचा काय, एकच की.”

तेव्हापासून पौर्णिमा. गच्चीवर चटई, मध्ये ताट, वर दुधासारखं चांदणं.

हिशेब कुमुदकडं. सुताला खळ देणाऱ्या सायझिंगमध्ये ती तीस वर्षं दिवाणजी होती. मालकाचा हिशेब ठेवता ठेवता स्प्रेडशीट शिकली. पन्नाशीनंतर संख्याशास्त्राची ‘आर’ नावाची संगणकाची भाषाही शिकली, कुणी विचारलं तर म्हणायची, गुडघे दुखतात, बसून करायचं काहीतरी हवं. दर पौर्णिमेला ती एक ओळ भरायची. या पौर्णिमेची किंमत, त्यातून मागच्या पौर्णिमेची वजा, उरलेल्याला मागच्या किमतीनं भागायचं. झाला परतावा. त्यात महिन्याची नवी वर्गणी मिसळू द्यायची नाही, नाहीतर घातलेला पैसाच कमाई म्हणून मिरवायला लागतो. पौर्णिमेला बाजार बंद असेल तर आदल्या दिवसाचा भाव. चैत्र, वैशाख, ज्येष्ठ, अशा ओळीखाली ओळी, जात्यातून पीठ पडावं तशा.

*

सत्त्याण्णवची बातमी ऐकून भूपाल खोत कुमुदच्या घरी आले. यंत्रमाग कामगारांच्या आधार निधीचे ते अध्यक्ष. स्वतः पस्तीस वर्षं माग चालवलेला माणूस, मोठ्यानं बोलायची सवय अजून गेलेली नव्हती.

“साळोखेबाई, चार हजार कामगारांच्या म्हातारपणाचा पैसा हाय,” ते म्हणाले. “पुण्या-मुंबईचा मॅनेजर परवडत न्हाई. आणि आपल्याच गावात सत्त्याण्णववाल्या बसल्यात. तुम्ही आणि शमशादभाभी, दोघींनी सही करायची. महिना बावीस बावीस हजार देऊ. होळी झाली की सभा, सभेत ठराव.”

शमशाद शेजारीच बसली होती. तिनं पदर सारखा केला. चाळीस वर्षं ती कापडाचं मेंडिंग करत होती. आता दोष शोधायला कॅमेरे आले होते, पण तुटलेला धागा सुईनं परत भरायला हातच लागायचा, आणि तो हात शमशादचा असायचा. अलीकडं सुईत दोरा ओवायला तिला तीन-तीन वेळा प्रयत्न करावा लागायचा.

“मला विचारतायसा?” ती म्हणाली. “माझ्या घरात मीठ किती घालायचं ते बी सून विचारत न्हाई.”

“म्हणून तर मी आलो विचारायला.”

खोत हसले, चहा प्यायले, आणि उठता उठता म्हणाले, “तेवढं एक पानभर लिहून द्या साळोखेबाई. तुम्हाला आधी कळतं कसं? लोक विचारणारच.”

ते गेल्यावर शमशाद जिन्यात थांबली. “कुमुद, मी डोळ्याच्या दवाखान्यात सांगून टाकते. मेंडिंग बंद करणार म्हटलं की निवांत ऑपरेशन करता येतंय. पट्टी बांधून म्हैनाभर लोळणार बग मी.”

“लोळ की.”

“तू पानभर लिही. माझं नाव पहिलं लिही.”

*

कुमुद लिहायला बसली आणि तिला काही सुचेना. आम्हाला आधी कळतं कसं? तिनं आठवून बघितलं. शेअरबद्दल भिशीत फार तर दहा मिनिटं बोलणं व्हायचं, उरलेला वेळ सुनांवर.

म्हणून तिनं लिहायच्या आधी बघायचं ठरवलं. पारखनं परत पाठवलेला तक्ता उघडला, चार ओळींचा प्रोग्राम लिहिला आणि पडद्यावर दोन रेघा काढल्या. बाजाराची निळी, भिशीची लाल. महासाथीच्या साली, दोन हजार वीसच्या मार्चमध्ये, निळी रेघ विहिरीत पडल्यासारखी कोसळत होती. लाल रेघ मात्र आदल्या ऑगस्टातच पडून, मार्चपर्यंत अंग झटकून उभी होती. पारखला हीच चाहूल दिसली होती.

आदला ऑगस्ट. कुमुदच्या डोळ्यांसमोर पंचगंगेचं गढूळ पाणी आलं. त्याच महिन्यात महापूर आला होता. त्या पौर्णिमेला त्या जमल्या होत्या त्या चिखलातून वाट काढत, आणि बोलत होत्या त्या भिजलेल्या धान्याबद्दल. शेअर पडल्याचं कुणी म्हणाल्याचं तिला आठवेना. पडल्याची पौर्णिमा तिला चांगली आठवत होती, पण ती पुढच्या हनुमान जयंतीची, टाळेबंदीतली. बारा जणी बारा गच्च्यांवर, फोनवर भिशी, आणि त्यांच्यातली थोरली गंगव्वा मावशी म्हणाली होती, “पडू दे गं. आपण पडलो न्हाई न्हवं?”

मग ती पडझड ऑगस्टात कशी गेली?

संख्याशास्त्रात याला एक साधी युक्ती आहे. एक रेघ उचलायची, दुसरीवर ठेवायची आणि महिना-महिना सरकवत न्यायची. जिथं चढाला चढ आणि उताराला उतार नेमका बसेल, तेवढं त्यांच्यातलं अंतर. कुमुदनं वर्षांचे तुकडे पाडले आणि प्रत्येक तुकडा असा सरकवून बघितला. उत्तरं खाली उतरत आली. सुरुवातीच्या वर्षांत लाल रेघ निळीच्या नऊ महिने पुढं. मग आठ. मग सात, सहा, पाच. अगदी अलीकडं शून्य.

चाहूल अशी पायरी-पायरीनं कमी कशी होईल? म्हातारपणानं झाली असती तर हळूहळू उतरली असती. ही उतरत होती टप्प्यानं, अठरा साली एक पायरी, वीस साली एक, तेवीस साली एक, सव्वीस साली एक.

तेवीस सालावर तिचं बोट थांबलं. त्या साली तिनं जावयाला धोंड्याचं वाण दिलं होतं. तेहेतीस अनारसे, त्यातले सहा तळताना विरघळले होते. तेवीस साली अधिक श्रावण होता.

ती खुर्चीत मागं टेकली आणि स्वतःशीच हसली. मग तिनं पारखचा अर्ज पुन्हा उघडला.

पारखनं विचारलं होतं, नोंदी कशा आहेत? रोजच्या, आठवड्याच्या की मासिक? तिनं ‘मासिक’वर बोट ठेवलं होतं. तिच्या लेखी महिना तो महिना. पण पौर्णिमेचा महिना साडेएकोणतीस दिवसांचा. वर्षाकाठी अकरा दिवस कमी पडतात, ते साठत जातात, आणि दर अडीच-पावणेतीन वर्षांनी चंद्र ती बाकी तेरावा महिना देऊन फेडतो. चोवीस वर्षांत असे नऊ महिने जास्तीचे. पारखनं शेवटची ओळ या माघातली धरून मागं मोजायला सुरुवात केली, वर्षाला सरळ बारा. नऊ ओळी जास्तीच्या झाल्या, त्यांनी जुनी वर्षं मागं ढकलली. बाजारासोबतच पडलेल्या बायका कागदावर बाजाराच्या आधी पडल्या.

तिनं खऱ्या तारखा घातल्या आणि ओळ पुन्हा पारखला दिली. यंत्रानं लाख सावल्या पुन्हा नाचवल्या. अंक आला बावन्न.

*

शमशाद घरी मेंडिंगच्या उतरत्या टेबलाशी बसली होती. पांढऱ्या कापडाचं ठाण खिडकीच्या उजेडात ताणलेलं. कुमुदनं सगळं सांगितलं. सुई थांबली नाही.

“म्हंजे आम्हाला काय दिसत न्हवतं.”

“नव्हतं.”

“काहीच?”

“जेवढं सगळ्यांना दिसतं तेवढं. पौर्णिमेचे महिने मी नुसते ‘मासिक’ म्हणून दिले शमा. चूक माझी.”

“मग गप बसायचं की.” शमशादनं दोरा दातानं तोडला. “यंत्रानं दिलाय अंक, सरकारी शिक्का हाय त्याच्यावर. कुणाला कळणार हाय?”

“मला कळलंय. आता तुला.”

“मला कशाला सांगितलंस? एकटीनं गिळायचं होतंस. दवाखान्यात सांगून आले मी. सुनेला सांगितलं. जल्मात पहिल्यांदा सून म्हणाली, अम्मी, तुम्ही बसा, च्या मी करते.”

चार हजार माणसांचा पैसा, हे वाक्य कुमुदच्या ओठांवर आलं होतं, पण ते शमशादला सांगायची गरज नव्हती. शमशादचा नवरा त्याच मागांवर खोकत गेला होता.

“जा आता,” शमशाद म्हणाली. “उजेड चाललाय. ठाण संपवायचंय.”

होळीच्या पौर्णिमेला भिशी कुमुदकडं होती. पुरणपोळ्या झाल्या, गच्चीवर चटई पडली. शमशादची वर्गणी फोनवर आली, पाचची मुदत संपायला तीन मिनिटं असताना. शमशाद आली नाही. चोवीस वर्षांत पहिल्यांदा तिची जागा रिकामी राहिली आणि कुणी तिथं सरकून बसलं नाही.

कुमुदनं बाकीच्यांना सांगितलं. तिला वाटलं होतं, कुणी रडेल, कुणी रागावेल. पण ब्याऐंशी वर्षांच्या गंगव्वा मावशीनं पोळीचा घास तसाच धरून, जुन्या चालीवर, तिथल्या तिथं जुळवून म्हटलं,

“बारा गं महिने
सरकारच्या वहीत
तेरावा चांदण्यात
आम्ही मोजू.”

हसू फुटलं. खानावळवाली म्हणाली, “माझा अंक माझ्या मालकांना सांगू नका, सत्त्याण्णव म्हणून आठवडाभर भांडी घासली त्यांनी.” हसण्यात कुमुदही होती, पण तिची नजर जिन्याच्या दाराकडं जात होती.

*

निधीच्या सभेला दोनेकशे माणसं होती. कुमुदनं पडद्यावर लाल रेघ दाखवली, निळी दाखवली, सरकवून दाखवली. मागून कुणीतरी म्हणालं, “बाई, आमच्या टकुऱ्यात शिरंल असं सांगा.” दुसरा म्हणाला, “अंक कमी झाला का वाढला, तेवढंच बोला.”

तेव्हा दाराजवळून शमशाद उठली. आली कधी ते कुमुदला दिसलंच नव्हतं.

“मी सांगते,” ती म्हणाली. “तुम्ही समदी मागावरची माणसं. एका ठाणात आडवे धागे इंचाला बारा पिक, दुसऱ्यात तेरा. नक्षी तीच. दोन्ही ठाणं शेजारी पसरली, तर पहिला इंच-दोन इंच जुळंल. पुढं?”

“पुढं सरकणार की,” पुढच्या रांगेतला एक म्हातारा म्हणाला. “फूल पानावर जाणार.”

“तेच झालंय. आमचं ठाण तेराचं, यंत्रानं बाराचं समजून लावलं. आमचं फूल पुढं गेलं ते हुशारीनं न्हाई, मोजणीनं.” कुमुदकडं तिनं बघितलं नाही. “हिनं मला आधी सांगितलं. मी म्हटलं, गप बस. घरला आल्यावर ठाण घेतलं हातात आणि काय धागा भरंना. चाळीस वर्षं दोष बघून काढते मी. दोष दिसल्यावर ठाण पास केलेलं न्हाई कधी. हे बी करणार न्हाई.”

सभेत कुजबूज झाली. खोत टेबलावर कोपर टेकून बसले होते.

“ठराव रद्द,” ते म्हणाले. “ते ठीक. पण साळोखेबाई, मला एक कळंना. डोळे मिटून निवडणाऱ्याइतकंच तुमचं डोकं, तर मग भिशीचा पैसा एवढा वाढला कसा? माझा पुतण्या अंक एकोणसत्तर, त्याचं निम्मं बी झालं न्हाई.”

हे कुमुदला येत होतं. “बाजारानं चोवीस वर्षांत वर्षाला सरासरी अकरा टक्के दिले. बाजारात असलेल्या लोकांना मात्र सात मिळाले.”

“असं कसं?”

“लोक चढल्यावर येतात आणि पडल्यावर जातात. परतावा काढायच्या दोन रीती आहेत. एक, शेअर किती वाढला. दुसरी, तुम्ही ज्या दिवशी पैसा घातलात आणि काढलात ते दिवस धरून, तुमच्या हाती किती आलं. सगळ्यांच्या या दोन आकड्यांत चार टक्क्यांची दरी आहे. आमच्यात ती दरीच नाही. अकरा आणि अकरा.”

“म्हंजे तुम्ही काढलेच न्हाईत कधी?”

“काढायचे म्हटलं तर अकरा जणींना तोंड द्यायला लागतं,” शमशाद म्हणाली. “त्यापरीस न्हाई काढले.”

खोत मोठ्यानं हसले, मग हसू थांबवून तिच्याकडं बघत राहिले. निधीचं खरं दुखणं त्यांना माहीत होतं. पैसा सांभाळायला आता साधा सगळ्या बाजाराचा फंड घेता आला असता, त्याला अंक लागत नव्हता. दुखणं होतं पैसे काढायच्या खिडकीवर. बाजार जरा पडला की कामगार रांग लावून आपला पैसा काढून नेत, तोट्यात.

“भाभी,” ते म्हणाले, “बावीस हजार न्हाई जमणार. अकरा देतो. बाजार पडंल त्या दिवशी खिडकीवर बसायचं.”

“बसून काय करू?”

“हेच. बोलायचं.”

“बोलायचे पैसे?” शमशादनं पहिल्यांदा कुमुदकडं बघितलं. “बघितलंस? पारखला हे विचार, ह्यात माझा अंक किती.”

“ते यंत्रात नाही.”

“मग घेते,” शमशाद म्हणाली.

*

डोळ्यांची पट्टी सुटून दोन महिने झाले तेव्हा बाजार पडला. एका दिवसात नऊ टक्के, दुसऱ्या दिवशी आणखी चार. तिसऱ्या दिवशी सकाळी निधीच्या खिडकीसमोर बेचाळीस माणसं होती. कुमुद वही घेऊन बाकावर येऊन बसली. शमशादनं खिडकी बंदच ठेवली, दार उघडून बाहेर आली आणि खुर्च्या मांडायला लावल्या.

“अर्ज देते की,” ती म्हणाली. “रांग कशाला? बसा. काय रे रमजान, तुझ्या मागाची वीज गेली की तू माग भंगारात घालतोस का?”

“न्हाई.”

“मग काय करतोस?”

“बिडी वढतो.”

“मग वढ जा. भाईर जाऊन.”

लोक हसले. कुणी रागावलं, तुमचा काय पैसा हाय म्हणालं, तेव्हा तिनं आपलं निधीचं पासबुक काढून सरळ त्याच्या हातात दिलं. तिचेही तेरा टक्के गेले होते, नवऱ्याच्या पैशासकट. तो वाचत बसला. दुपारपर्यंत कुणी घरी गेलं, कुणी पाळीवर गेलं, कुणी चहा पिऊन उगाच बसून राहिलं.

तिघांनी पैसे काढले. दोघं तिचं ऐकायला तयारच नव्हते. तिसऱ्याच्या मुलीचं ऑपरेशन होतं, त्याचा अर्ज शमशादनं स्वतः भरला. तो म्हणाला, “मावशी, तोटा होतोय न्हवं?” ती म्हणाली, “पैसा असल्या येळेसाठीच असतो, जा.” आणि सही कुठं करायची ते बोटानं दाखवलं.

कुमुदनं वहीत लिहिलं, बेचाळीसपैकी एकोणचाळीस. मग जरा विचार करून ते खोडलं आणि चाळीस केलं.

“काय गं, चूक झाली?” शमशादनं विचारलं. तिला आता दारातूनही वहीतलं अक्षर दिसत होतं.

“नाही,” कुमुद म्हणाली. “तिसरा आपल्यातच धरला.”